एकेचाळिसाव्या वर्षी एम.एस्सी. आणि झुरळाचा जबडा

एम.एस्सी. प्राणिशास्त्राला कीटकशास्त्राचा ऐच्छिक पेपर घेतलात की पहिल्याच सत्रात एक काम अंगावर येतं. वेगवेगळ्या पद्धतीने खाणाऱ्या कीटकांची तोंडं सुटी करायची, त्यांच्या पर्मनंट स्लाइड्स करायच्या आणि जर्नलसोबत जमा करायच्या. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं ‘माउथपार्ट्स’ म्हणतात. मी हे डिसेंबर २०२४ मध्ये उरकलं. त्याआधी हे सगळं कुणी मराठीत, पहिल्यापासून आणि पैशांसकट लिहून ठेवलंय का, हे मी बरंच शोधलं. हाती काही लागलं नाही, म्हणून हा खटाटोप.

माझ्याबद्दल थोडक्यात: राहायला पुण्यात वारज्याला, बी.एस्सी. होऊन एक तप केव्हाच उलटलेलं, मधे लग्न, मुलगा आणि घरच्या शिकवण्या. मुलगा नववीत गेला आणि मी अर्ज भरला.

आधी कागदपत्रं, कारण निम्मे लोक तिथेच गळतात. माझी बी.एस्सी. दुसऱ्या विद्यापीठाची, त्यामुळे मायग्रेशन सर्टिफिकेट लागलं. ते ऑनलाइन मागवता येतं, पण हातात पडायला तीन-चार आठवडे धरून चाला, आणि प्रवेश मिळायची वाट न बघता आधीच मागवा. मधल्या वर्षांसाठी गॅप अ‍ॅफिडेव्हिट. शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाल्यांकडे त्याचा मजकूर तयारच असतो, आपण फक्त वर्षं सांगायची. टायपिंग आणि नोटरी मिळून माझे ४०० रुपये गेले. खरं घोडं अडलं ते नावापाशी. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढायला गेले की नाव जुळत नाही म्हणून गाडी तिथेच थांबायची. विवाह नोंदणीचा दाखला, त्याच्या साक्षांकित प्रती आणि एक अर्ज, एवढं दिल्यावर कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी फाइल पुढे सरकवली. त्याआधी मला ‘उद्या या’ किती वेळा ऐकावं लागलं, ते सोडून देऊ. ज्यांची नावं बदललेली आहेत त्यांनी हा दाखला पहिल्याच दिवशी सोबत ठेवावा. २२ जुलैला प्रवेश पक्का झाला. तीनच दिवसांनी खडकवासला धरणाचं पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घराघरात शिरलं. त्या आठवड्यात कुणालाच तासांचं भान नव्हतं. प्रॅक्टिकल्स सुरू झाली ती १२ ऑगस्टला.

वर्गात बाकी सगळी बावीस-तेवीसची पोरं. पहिल्या दिवशी मला मॅडम समजून दोघं उभी राहिली. आठवड्याभरात मी ‘ताई’ झाले आणि प्रश्न मिटला. लॅबमधले मामा मात्र पहिल्यापासून मला ‘ताई’च म्हणत. या मामांशी नीट राहा. कुठल्या मायक्रोस्कोपचा आरसा सैल आहे, चांगल्या कव्हरस्लिप्स, म्हणजे स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचा, कुठल्या कपाटात आहेत, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

सुरुवात झुरळापासून. यूजीसीने विच्छेदनं बंद करण्याच्या सूचना दिल्यापासून आमच्याकडे शक्यतो मेलेले, सापडलेले कीटकच वापरतात. पावसाळ्यात पुण्यात मेलेलं झुरळ शोधायला लांब जावं लागत नाही. डोकं वेगळं करून १० टक्के केओएचमध्ये, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, रात्रभर ठेवायचं. केओएच आतलं मऊ मांस खाऊन टाकतं आणि कायटिनचं कवच तेवढं मागे राहतं. सकाळी पाण्याने धुवायचं, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मग भिंगाखाली, दोन सुयांनी, एकेक भाग सोडवत जायचं.

लेब्रम म्हणजे वरचा ओठ, तो सहज निघतो. त्याच्या खाली दोन मँडिबल, जबडे. काळपट तपकिरी, चकचकीत, आतल्या कडेला दाते. हे आपल्या जबड्यांसारखे वर-खाली हलत नाहीत, दोन्ही बाजूंनी आडवे येऊन मिटतात. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तेव्हा डावा-उजवा सारखे नाहीत हे दिसलं. एकाचा दात जिथे वर येतो तिथे दुसऱ्याला खाच आहे, म्हणजे मिटले की एकमेकांत बसतात. एवढ्याशा जबड्याने झुरळ पुठ्ठा, पुस्तकाच्या बांधणीची खळ, साबण असं काहीही कुरतडतं, त्याचं कारण समोरच होतं. मँडिबलच्या मागे दोन मॅक्सिला, म्हणजे मदतनीस जबडे. प्रत्येकीला पाच पेरांचा पाल्प, म्हणजे चाचपायचं बोट, आतून टोकदार लॅसिनिया, बाहेरून मऊ गॅलिया. त्यामागे लेबियम, खालचा ओठ. हा मूळचा जोडीचाच अवयव, मधोमध जुळून एक झालेला. त्याच्या पाल्पना तीन पेरं. आणि सगळ्यांच्या मधे हायपोफॅरिंक्स, एक मऊ उंचवटा. लाळेची नळी त्याच्या बुडाशी उघडते.

सर म्हणाले, “हे पाच नग डोक्यात बसवा. पुढे कुठलाही कीटक समोर आला की एकच विचारायचं, यातला कोण कुठे गेला?”

मला हे वाक्य पुढे इतकं उपयोगी पडलं की बाकीच्या नोट्स नसत्या तरी चाललं असतं. पोरं प्रत्येक कीटकाची आकृती वेगळी पाठ करत होती आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी डासाचं माशीला लावत होती. पाच भाग आणि त्यांची बदली कुठे झाली, एवढंच धरलं की पाठांतर निम्म्याहून कमी होतं.

आता सामान. कॉलेजात सगळं असतं, पण वेळ नसतो. आठवड्यातून एक प्रॅक्टिकल, एका मायक्रोस्कोपवर चौघं. म्हणून मी थोडं सामान घरी आणलं. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास आणि सदाशिव पेठेत लॅबचं सामान मिळतं. दोन्हीकडे विचारून घ्या, भावात बराच फरक निघतो. मला ५० स्लाइड्सचा डबा ९० रुपयांना पडला, कव्हरस्लिप्स ७०, डीपीएक्सची, म्हणजे काच कायमची चिकटवायच्या डिंकाची, बाटली ३२०, केओएच २८०, लवंगेचं तेल आयुर्वेदिक दुकानातून १२०. इथेनॉल असं खुलं मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचं लायसन्स लागतं. घरी मी आयसोप्रोपिल वापरलं, शेवटचे टप्पे कॉलेजात केले. बारीक कामाला इन्शुलिनच्या सिरिंजची सुई घ्या, मला दहा रुपयांत मिळाली आणि लॅबच्या सुईपेक्षा किती तरी बारीक असते.

केओएचबद्दल गंमत नको. पाण्यात टाकलं की भांडं तापतं. नेहमी पाण्यात केओएच, उलट नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, काचेचंच हवं. हातमोजे, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकच अट घातली होती: स्वयंपाकघरात काही आणायचं नाही आणि फ्रीजचं नाव काढायचं नाही. मी सगळा संसार मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनवर मांडला.

स्लाइडची पद्धत सगळ्यांना तीच. धुऊन झालं की ३०, ५०, ७०, ९० आणि शेवटी शुद्ध अल्कोहोल, प्रत्येकात पाच-दहा मिनिटं, म्हणजे पाणी हळूहळू निघून जातं. मग लवंगेच्या तेलात, म्हणजे पारदर्शक होतं. मग डीपीएक्सचा थेंब आणि तिरकी धरून सोडलेली कव्हरस्लिप. लवंगेच्या तेलाऐवजी झायलीनमध्ये टाकल्यावर दुधासारखा पांढरा ढग आला तर समजायचं पाणी राहिलंय, परत अल्कोहोलात. लवंगेचं तेल थोडं पाणी खपवून घेतं, म्हणून नवख्यांनी तेच वापरावं. झुरळाचा मँडिबल जाड असतो, वरची काच डुगडुगते. मामांनी दाखवलेली युक्ती अशी की फुटलेल्या कव्हरस्लिपचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना ठेवायचे आणि त्यावर नवी काच टेकवायची. बुडबुडे सगळ्यांचेच येतात. बारीक असतील तर एक-दोन दिवसांत कडेला सरकून निघून जातात, लगेच सुई खुपसू नका.

२० ऑगस्टला जागतिक डास दिनाची पोस्टर्स लावायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. १८९७ मध्ये त्याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला होता. त्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडलेले, महापालिकेची माणसं सोसायटीत येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या करून बघत होती. थोडक्यात, डासांना तोटा नव्हता. तरी चांगला नग मिळवणं अवघड गेलं. चटचट आवाज करणाऱ्या रॅकेटने मारलेला डास काही कामाचा नाही, त्याच्या तोंडातल्या सुया जळून जातात. टाळी वाजवून मारलेल्याचं तोंडच उरत नाही. भिंतीवर बसलेल्या डासावर काचेचा पेला पालथा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि आत नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा टाकायचा. मादीच हवी. नराच्या शृंगिका, म्हणजे मिश्या, दाट केसाळ, झुपकेदार असतात, मादीच्या विरळ. नर फुलांचा रस पितो, त्याच्या टोचायच्या सुया खुरटलेल्या असतात, त्यामुळे त्याची स्लाइड करून परीक्षकाला काही दाखवता येत नाही.

डासाच्या डोक्याला केओएच अगदी थोडा वेळ पुरतं. मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं. बाहेरून एकच सोंड दिसते, खवले असलेली. ती सोंड म्हणजे लेबियम, खालचा ओठ, आणि गंमत अशी की तो टोचतच नाही. मी डाव्या सुईने डोकं दाबून धरलं आणि उजव्या सुईने तो ओठ मागे ओढला. तो सोलल्यासारखा वेगळा झाला आणि आतून एकच केस असावा तसं काहीतरी बाहेर राहिलं. कव्हरस्लिप टेकवल्याबरोबर त्या एका केसाचे सहा झाले आणि पसरले. लेब्रम एक, मँडिबल दोन, मॅक्सिला दोन, हायपोफॅरिंक्स एक. मॅक्सिलांच्या टोकाला बारीक दाते, कातडी कापायला. लेब्रमला खालून पन्हळ, त्यातून रक्त वर चढतं. हायपोफॅरिंक्समधून आरपार लाळेची नळी, त्यातून लाळ खाली उतरते. एका वाटेने वर, दुसऱ्या वाटेने खाली. चावताना हा गठ्ठा कातडीत जातो आणि लेबियम बाहेरच मागे वाकतो.

मुलगा मागे उभा होता. “मग चावतो कोण? ओठ का जबडा?”

“खालचा ओठ सोडून सगळे,” मी म्हटलं. त्याला ते फारच आवडलं, दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं म्हणे.

डासाच्याच अळ्या ताटलीतल्या पाण्यात असतात, त्यांचं तोंड अगदीच निराळं. त्यांच्या तोंडाशी केसांचे दोन कुंचले असतात, ते हलवून त्या पाण्यातलं शेवाळ आणि कण आत ओढतात. एकाच प्राण्याला लहानपणी एक तोंड आणि मोठेपणी दुसरं, हे मला फुलपाखरापाशी नीट कळलं.

फुलपाखरू मारायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तसंही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये काही फुलपाखरं आहेत आणि कुठलं आहे, कुठलं नाही हे आपल्याला उडताना कळत नाही. वेताळ टेकडी किंवा तळजाईवरून जाळीने पकडून आणायचा विचार असेल तर तो सोडा, तिथे वनखात्याची जमीन आहे. आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात लिंबावरच्या पाकोळीच्या अळ्या येतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. त्यातल्या दोन मी बरणीत घेतल्या, तोंडाला ओढणीचा तुकडा बांधला. रोज ताजा पाला. पाला कडेपासून अर्धगोल कापत आत येतात, दुपारी घर शांत असेल तर करकर ऐकू येते. म्हणजे अळीला झुरळासारखेच भक्कम मँडिबल आहेत. ते मिळवायला तिला हातही लावावा लागत नाही. कात टाकताना डोक्याचं कवच वेगळं गळून पडतं. अंगाची कात ती बहुतेक वेळा खाऊन टाकते, पण डोक्याची टोपी बरणीच्या तळाशी तशीच राहते, आणि त्या टोपीत मँडिबल जागच्या जागी असतात. मोहरीएवढी टोपी, थेट अल्कोहोलात, केओएचसुद्धा नको. माझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये सर्वांत कमी कष्टाची स्लाइड हीच.

कोश झाला, साधारण दीड आठवडा गेला, आणि गणपतीच्या दिवसांत एका सकाळी सातच्या सुमारास एक पाकोळी बाहेर आली. आरतीची गडबड चालू होती, मी बरणी घेऊन बाल्कनीत बसले. तिचे पंख अजून ओले, चुरगळलेले. मी भिंगातून तोंडाकडे बघत होते. सोंड एक नव्हती, दोन होत्या. केसासारखे दोन वेगळे धागे, टोकाला एकमेकांपासून फाकलेले. ती ते गुंडाळायची, उलगडायची, परत गुंडाळायची. मधेच बुडाशी द्रवाचा इवलासा थेंब चमकायचा. हळूहळू दोन धागे बॅगेची चेन लागावी तसे बुडापासून टोकाकडे जुळत गेले आणि एकच नळी झाली. हे दोन धागे म्हणजे मॅक्सिलांच्या गॅलिया. झुरळात जो मऊ, दुर्लक्षित भाग होता, तो इथे एवढा लांबलाय. प्रत्येक धाग्याला आतून अर्धी पन्हळ, दोन्ही मिटले की मधे मध ओढायची नळी. मँडिबल नाहीत. लेबियमचे फक्त पाल्प उरलेत, सोंडेच्या दोन्ही बाजूंना उभे. हे जुळणं सुरुवातीच्या वेळेत झालं नाही तर त्या फुलपाखराला आयुष्यभर नीट पिता येत नाही. आमच्या पाकोळीचं झालं. दुपारी ती समोरच्या जास्वंदीवर गेली.

स्लाइडसाठी नवऱ्याच्या गाडीच्या जाळीत अडकलेलं एक पिवळं फुलपाखरू उपयोगी पडलं. कोरडं झालेलं होतं. डोकं केओएचमध्ये मऊ झाल्यावर सोंड उलगडता येते, पण घाई केली तर तुटते. मी वेटोळं तसंच ठेवलं, ते दिसायलाही बरं आणि परीक्षकालाही चटकन ओळखू येतं. याच गटात उलटं टोकही आहे: सह्याद्रीत दिसणारा भलामोठा अ‍ॅटलास पतंग. प्रौढाचं तोंड कामाचं नाही, तो खातच नाही. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर अंडी घालण्यापुरता जगतो.

घरमाशीचं काम सोपं. केओएचमध्ये तिची सोंड आपसूक ताणली जाते, नाही तर डोकं हलकेच दाबायचं. टोकाला दोन गाद्या, त्यावर आडव्या समांतर नळ्यांच्या रांगा. लेबियमच पसरून असा झालाय. लाळ सोडायची, साखरेचा कण विरघळवायचा आणि ते पाणी त्या नळ्यांतून ओढायचं. मँडिबल नाहीत आणि सोंड मऊ, म्हणून घरमाशी चावू शकत नाही. “पण मला माशी चावते!” असं सांगणारे सगळ्या घरांत असतात. ती गोठ्याच्या आसपासची चावरी माशी, दिसायला घरमाशीच, पण तिची सोंड टणक असते आणि टोकाला दाते असतात. त्यात नर-मादी दोघंही रक्त पितात. मी दोघींच्या सोंडा एका स्लाइडवर शेजारी बसवल्या. सरांनी ती पुढच्या बॅचला दाखवायला मागून घेतली.

मधमाशीसाठी धावपळ करू नका. आग्या माश्या चांदण्या रात्री उडतात आणि दिव्यांवर येतात, सकाळी आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली एक-दोन मेलेल्या पडलेल्या असतात. वर्गातल्या एकाने ओळखीच्या मधपाळाकडून सातेरी माश्या आणल्या होत्या. गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, मधमाश्या मनापासून बघायच्या असतील तर तिथे जावं. मधमाशीत मजा अशी की तिने जुनं टाकलं नाही. मँडिबल आहेत, मेण मळायला आणि पोळं बांधायला. शिवाय लेबियमची मधली जीभ लांब, केसाळ, टोकाला इवलासा चमचा. तिच्याभोवती गॅलिया आणि लेबियमचे पाल्प मिटून नळी तयार होते. तोडणं आणि चाटून ओढणं, दोन्ही. हिच्या स्लाइडमध्ये सगळे भाग पसरवून बसवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

दिवाळीच्या सुट्टीत उरलेलं संपवलं. कर्वे पुतळ्याजवळ भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना मी किडकी भेंडी मागितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. “अहो ताई, लोक किडकी काढून टाकायला सांगतात!” पण दुसऱ्या दिवशी पिशवी भरून बाजूला ठेवली होती, पैसे घेईनात. त्यात मावा मिळाला आणि दोन लाल ढेकूण. या सगळ्यांची सोंड पोटाखाली दुमडलेली, पेरांची. ती परत लेबियम, नुसतं वेष्टन. आत चार सुया, दोन मँडिबल, दोन मॅक्सिला. मॅक्सिला एकमेकींत अडकून दोन नळ्या करतात, एकीतून लाळ झाडात, दुसरीतून रस वर. मावा झाडाच्या गोड रसवाहिनीपर्यंत सुई नेतो, तिथे दाब असतो, रस जवळपास आपण होऊन येतो. गरजेपेक्षा जास्त साखर मागून बाहेर टाकतो, तोच पानावरचा चिकटा.

कांद्याच्या पातीवर फुलकिडे असतात. पांढऱ्या कागदावर पात झटकली की मिलिमीटरभर लांबीच्या पिवळट रेघा पळताना दिसतात. यांची स्लाइड सक्तीची नव्हती. मी केली, कारण वाचलेल्यावर विश्वास बसत नव्हता: फुलकिड्याला मँडिबल एकच असतो, डावा. उजवा अळीच्याही आधी, अंड्यातच खुंटतो. ४०० पट मोठं करून शोधलं. डावीकडे एक टोकदार सुई, उजवीकडे तिच्या जोडीला काहीच नाही. त्या एका सुईने तो पानाला भोक पाडतो आणि मॅक्सिलांच्या सुयांनी रस ओढतो. पातीवरचे चंदेरी ओरखडे त्याचेच. हे पाहिलं त्या रात्री मी घरातल्या प्रत्येकाला उठवून सांगितलं, त्यात आईंनाही.

वाळण्याबद्दल. पुण्याच्या सप्टेंबरातल्या दमट हवेत डीपीएक्स आठवडे घेतं. लॅबचं ओव्हन मोकळं मिळत नाही. मी स्लाइड्स ट्रेमध्ये आडव्या ठेवून ट्रे वायफायच्या राउटरवर ठेवला, तेवढी ऊब पुरते. उभ्या ठेवू नका, नग घसरतात. लेबल डाव्या बाजूला: कीटकाचं नाव, भाग, तारीख. आमच्याकडे विद्यार्थ्याचं नाव स्लाइडवर चालत नव्हतं, फक्त नंबर. हे कॉलेजागणिक बदलतं, विचारून घ्या.

जर्नल सर्टिफाय व्हायची तारीख ३० नोव्हेंबर होती. सरांची सही झाली, विभागप्रमुखांची व्हायला चार दिवस गेले, कारण त्या दुसरीकडे परीक्षक म्हणून गेल्या होत्या. ऑफिसचा शिक्का आणखी वेगळा. शेवटच्या दिवशी जाऊ नका, तिथे गणपती दर्शनाएवढी रांग असते. सर्टिफाय न झालेलं जर्नल असेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि यात कुणाला दयामाया नसते.

९ डिसेंबरला परीक्षा. पोटात गोळा होता हे कबूल. समोर झुरळ आलं. तोंड सुटं करून, मांडून, आकृती काढून दाखवायची. हात थरथरत होते, पण ते काम एवढं हातात बसलेलं होतं की जबडे निघाल्यावर थरथर गेली. मग स्पॉट्स, म्हणजे मांडून ठेवलेले नमुने ओळखणं, आणि मग तोंडी. बाहेरून आलेले परीक्षक शांत होते. त्यांनी माझी फुलपाखराची स्लाइड उचलली आणि म्हणाले, “यात मँडिबल दाखवा.” मी म्हटलं, “नाहीत, सर. गॅलिया दाखवते.” पोरं इथेच अडकतात, शोधत बसतात. पुढचा प्रश्न जास्त चांगला होता: मलेरियाचा परजीवी डासाच्या कुठल्या अवयवातून आपल्या अंगात शिरतो? रक्त लेब्रमच्या वाटेने वर जातं, पण परजीवी लाळेतून येतो, म्हणजे हायपोफॅरिंक्समधून. हे मी वाचून पाठ केलं नव्हतं, स्लाइडवर ती नळी बघितली होती म्हणून सांगता आलं. तिसऱ्या प्रश्नाला, चतुराच्या पाण्यातल्या पिल्लाचं लेबियम, मी अर्धंच उत्तर दिलं. ते पुढे फेकून भक्ष्य पकडतं एवढं आलं, सांध्यांची नावं आली नाहीत. हा प्रश्न येतो, तयार ठेवा.

निकाल फेब्रुवारीत लागला, पास झाले, प्रॅक्टिकलला चांगले गुण आले. एकूण खर्च, गाडीचं पेट्रोल सोडून, साधारण दीड हजार. यात जर्नलची बांधणी आणि झेरॉक्स धरलंय.

एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगितली नव्हती. जमा केलेल्या स्लाइड्स परत मिळत नाहीत, विभागाच्या संग्रहात जातात. ज्या स्लाइडवर जीव असेल तिच्या दोन करा आणि दुसरी घरी ठेवा. फुलकिड्याची सक्तीची नसल्यामुळे माझ्याकडेच राहिली. उरलेलं केओएच सिंकमध्ये ओतू नका. मी ते बाटलीत बंद करून मामांकडे दिलं, आणि डीपीएक्सची अर्धी बाटली पुढच्या बॅचमधली एक मुलगी घेऊन गेली. तिला मी झुरळासाठी कव्हरस्लिपचे फुटके तुकडेही दिले.